रजिस्टरमधला १९१४ नंबर

आमचे आप्पा माध्यमिक शाळेत क्लार्क होते, त्यामुळे जनरल रजिस्टर म्हणजे काय हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहिती. मुलाचं नाव, जात, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, शाळा का सोडली, सगळं एका आडव्या ओळीत. आप्पा म्हणायचे बाकीचे कागद रद्दीत गेले तरी चालतील पण जनरल रजिस्टर कायम जपायचं, कारण उद्या कुणीही दाखला मागायला येईल.

साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलचं असंच एक रजिस्टर आहे. तेव्हा ते साताऱ्याचं गव्हर्नमेंट हायस्कूल होतं आणि भरायचं राजवाड्यात. ज्या प्रतापसिंह महाराजांचं नाव पुढे शाळेला मिळालं त्यांना इंग्रजांनी १८३९ साली गादीवरून काढलं, नंतर १८४८ ला राज्यच खालसा केलं, आणि मग त्याच छत्रपतींच्या वाड्यात सरकारी इंग्रजी शाळेचे वर्ग. मला हे फार विलक्षण वाटतं, म्हणजे सत्ता गेली पण वाडा पोरांच्या पाढ्यांनी भरला!

तर त्या रजिस्टरात १९१४ नंबरला नाव आहे भिवा रामजी आंबेडकर. तारीख ७ नोव्हेंबर १९००, वर्ग इंग्रजी पहिली. शेजारी त्या लहान मुलाची सहीसुद्धा आहे. मी पहिल्यांदा त्या पानाचा फोटो बघितला तेव्हा आधी आप्पांचं अक्षर आठवलं, आणि मग कितीतरी वेळ त्या सहीकडेच बघत बसले.

सरकारी शाळा होती म्हणून नाव लागलं, हे खरंच. पण नाव लागलं म्हणजे सगळं मिळालं असं नाही ना. बाबासाहेबांनी साताऱ्यातल्या शाळेच्या दिवसांबद्दल स्वतः लिहून ठेवलंय की बसायला गोणपाट घरून न्यायचं, वर्गात वेगळं बसायचं, आणि संध्याकाळी ते गोणपाट परत घरी आणायचं कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावायचा नाही. बाकीच्या पोरांनी मास्तरांना विचारलं की नळावर जाऊन पाणी प्यायचं. यांना मास्तरांची परवानगी असून उपयोग नाही, शिपाई येऊन नळ सोडेल तेव्हाच पाणी, आणि शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. हे वाचलं की माझा घसा दाटून येतो, दरवेळी. कारण शाळेतली तहान कशी असते ते आपल्याला सगळ्यांना माहितीये, पीटीचा तास संपला की नळावर कशी झुंबड उडायची!

१९०४ मध्ये कुटुंब मुंबईला गेलं, तिथे एल्फिन्स्टन हायस्कूल, तेही सरकारीच, आणि १९०७ ला मॅट्रिक.

२०१७ पासून राज्य सरकारने ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केलाय. जयंती नाही, पुण्यतिथी नाही, शाळेत नाव घातल्याचा दिवस, हे मला मनापासून आवडतं. फक्त त्या दिवशी भाषणांच्या आधी मुलांना गोणपाटाची आणि नळाची गोष्ट सांगा हो, चौथीच्या पोरालासुद्धा ती लगेच कळते. मी माझ्या लेकीला सांगितली तर ती एवढंच म्हणाली, "मग शिपाई सुट्टीवर असला की दिवसभर?"

हो गं, दिवसभर.