आधारवर पत्ता बरोबर होता

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. संध्याकाळी साडेसातला दुकान आवरत होतो तेव्हा फोन आला. गंगापूर रोडला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर लॅच लागलाय, चावी आत राहिली. असे चार-पाच फोन मला आठवड्याला येतात. नाशिकला रविवार कारंज्याजवळ आमचं कुलूप-चावीचं दुकान वडिलांच्या काळापासून आहे. पंचवटीपासून सातपूरपर्यंतची माणसं कुलपासाठी आमच्याकडे येतात. पिशवी उचलली आणि निघालो.

दाराशी चाळिशीचा माणूस उभा होता. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला ऑफिसची बॅग, बोलणं अगदी शांत. "दादा, बायको माहेरी गेलीय आणि मी चावी विसरलो." वडिलांनी मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. साबणावर उठवलेला ठसा घेऊन कोणी आलं तर चावी करायची नाही, आणि बंद दार उघडायच्या आधी माणूस कोण आहे ते बघायचं. मी आधार मागितलं. त्यानं लगेच दिलं. फोटो त्याचाच होता. इमारतीचं नाव तेच, फ्लॅट नंबरही तोच.

मी गुडघ्यावर बसलो. पाच पिनांचा लॅच होता. यात प्रत्येक पिन दोन तुकड्यांची असते. योग्य चावी आत गेली की सगळ्या पिनांचे सांधे एका रेषेत येतात आणि सिलिंडर फिरतो. चावी नसेल तर एका हातानं पट्टीचा ताण ठेवायचा, दुसऱ्या हातातल्या वाकवलेल्या तारेनं एकेक पिन वर सारायची, आणि पिन बसल्याचा बारीकसा धक्का बोटाला कळेपर्यंत थांबायचं. मला सहा मिनिटं लागली. पाचशे रुपये घेतले आणि घरी आलो.

एक गोष्ट मात्र मी पाहिली होती. लॅच नवा होता. दाराच्या रंगावर जुन्या कुलपाची कड उमटलेली होती, नव्या स्क्रूंची चमकही गेली नव्हती. चावी विसरलेल्या माणसाच्या दाराचं कुलूप नुकतंच का बदललंय, हे मी विचारलं नाही.

दोन दिवसांनी पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. बायको माहेरी नव्हती, कामावर गेली होती. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा आहे, त्याखाली न्यायालयानं त्या माणसाला त्या घरात यायला मनाई केली होती. म्हणूनच तिनं कुलूप बदललं होतं. ती नऊला घरी आली तेव्हा तो आत बसलेला होता. शेजाऱ्यांनी आरडाओरडा ऐकून दार वाजवलं म्हणून मुक्या मारावर निभावलं.

हवालदारांनी माझा जबाब घेतला. नाव, वय, धंदा. मग विचारलं, "परवाना?"

मी म्हटलं, "साहेब, या कामाला परवाना नसतो."

त्यांनी मान वर करून पाहिलं. त्यांनाही ते खरं वाटेना. मी दुकानाच्या नोंदणीचा कागद दाखवला. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने कायद्यात कामगार थोडे असले की सरकारला नुसतं कळवायचं असतं. त्यात मी किराणा विकतो की लोकांची दारं उघडतो, याला काही महत्त्व नाही. फुटपाथवर बसणाऱ्या आमच्या भाऊबंदांना 2014 च्या फेरीवाला कायद्याखाली प्रमाणपत्र मिळू शकतं. पण माणूस कुठे बसतो हे त्यावर असतं, कोणासाठी काय उघडतो ते नसतं.

माझा एक मित्र तराजू दुरुस्त करतो. त्याला वजनमापे खात्याचा परवाना लागतो, 2009 चा कायदाच तसा आहे. किलोमागे दहा ग्रॅम इकडचे तिकडे होऊ नयेत म्हणून सरकार त्याचं नाव लिहून ठेवतं, आणि ते योग्यच आहे. मी तर कोणाच्याही घराचं दार सहा मिनिटांत उघडतो आणि कुलपं उघडणारा म्हणून माझं नाव कुठेच नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या 122 व्या कलमानं रात्री घरफोडीचं साहित्य योग्य कारणाशिवाय बाळगणाऱ्याला पकडता येतं. तेच साहित्य माझ्या पिशवीत असतं. ते माझ्या धंद्याचं आहे हे रस्त्यात गाडी अडवणाऱ्या पोलिसाला दाखवायला माझ्याकडे काय आहे? तोंडचा शब्द.

बाहेर पडताना बाकावर ती ताई बसलेली होती. मी हात जोडले. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही कोणाला तरी विचारायचं होतं."

कोणाला, हे मला त्या दिवशी सांगता आलं नसतं. तो प्रश्न घेऊन मी कितीतरी रात्री जागलो. शेजाऱ्याला? सोसायटीच्या सेक्रेटरीला? पोलिसांना फोन लावून? मी प्रामाणिक होतो, वडिलांनी शिकवलं तसं वागलोही होतो, आणि तरीही एका बाईचं दार मी चुकीच्या माणसासाठी उघडलं. आधारवर पत्ता असतो. त्या घरात शिरायचा हक्क आज कोणाला आहे, ते नसतं.

भाच्यानं मला मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं. इंग्लंडमध्ये आमच्यासारखाच मोकळा कारभार आहे, कोणीही हे काम सुरू करू शकतो. अमेरिकेत मात्र टेक्सास, कॅलिफोर्निया अशा काही राज्यांत परवाना लागतो, बोटांचे ठसे द्यावे लागतात. कॅलिफोर्नियात दुसऱ्याचं घर किंवा गाडी उघडून देताना ओळखपत्राचा तपशील आणि सही घ्यावी लागते आणि तो कागद दोन वर्षं जपून ठेवावा लागतो. हे आपल्याकडे का होऊ नये? ठाण्यात नोंद, फोटोचं ओळखपत्र, सरकारनं ठरवलेल्या नमुन्याची वही, आणि दार उघडण्यापूर्वी शेजारचं किंवा सोसायटीचं एक माणूस साक्षीला. एवढ्यानं त्या संध्याकाळी काम भागलं असतं. समोरच्या घराची बेल मी वाजवली असती तर मला लगेच कळलं असतं.

धंद्यातली माणसं माझ्यावर चिडतात. म्हणतात, परवाना आला की चिरीमिरी आली, चकरा आल्या. भद्रकालीत बसणारा म्हातारा चावीवाला कानस घेऊन पन्नास वर्षं चाव्या घासतोय, तो कुठलं सर्टिफिकेट आणणार? त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. जुन्या कारागिराचा हातच बघावा, शाळेचा दाखला मागू नये, फी नाममात्र ठेवावी. पण चावी बनवायच्या बहाण्यानं घरात शिरून कपाटातले दागिने लंपास करणाऱ्यांच्या बातम्या आल्या की गिऱ्हाईक त्या म्हाताऱ्याकडेही संशयानं बघतं. ओळखपत्राची गरज सगळ्यांत जास्त त्यालाच आहे.

तेव्हापासून मी माझी वही घातली आहे. नाव, पत्ता, सही, साक्षीदार. कुलूप नवं दिसलं तर कधी बदललं, का बदललं, तेही विचारतो. बहुतेक लोक देतात. काही जण तर म्हणतात, बरं केलंत.

गेल्या आठवड्यात इंदिरानगरहून रात्री दहाला एका तरुणाचा फोन आला. मी म्हटलं, येतो, पण शेजारच्या कोणाची तरी सही लागेल. "मग राहू द्या," म्हणाला आणि फोन ठेवला. मला झोप लागेना. सकाळी मुद्दाम त्या बाजूला चक्कर मारली. त्यानं सांगितलेल्या इमारतीच्या गेटवर चोवीस तास चावीवाल्याचे तीन स्टिकर चिकटवलेले होते. एकावरही नाव नव्हतं, नुसते मोबाइल नंबर.