तुम्ही विचारलंत म्हणून : गाडीचं वेल्डिंग घरी कशाला?

माझी पिकअप आहे, पिवळ्या पाटीची. मिरकरवाडा बंदरात मासळी भरायची आणि आंबा घाट चढून कोल्हापूरला उतरवायची, हा धंदा. हौद्याचा (मागे माल भरतात त्या भागाचा) सडलेला पत्रा, फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या उघडत्या झडपेच्या) बिजागऱ्या, मडगार्डचे ब्रॅकेट, असली लोखंडाची कामं मी घरामागच्या शेडमध्ये स्वतः करतो. त्यावरून लोक विचारतात. बंदरात विचारतात, आरटीओत पासिंगच्या रांगेत विचारतात, एकदा तर लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पानावरच्या काकांनी मठ्ठा पिता पिता विचारलं, "काय रे, एवढी भाडी मारतोस, वेल्डिंगवाल्याला चार पैसे द्यायला जिवावर येतं काय?"

जिवावर येत नाही, काका. हिशोबच मांडायचा तर वेल्डिंगचं इन्व्हर्टर मशीन, ग्राइंडर, त्याची चाकं, रॉड, हेल्मेट आणि शिकताना वाया जाणारा पत्रा हे सगळं धरून पहिली काही वर्षं काम बाहेर देणंच स्वस्त पडतं. माझं कारण पाण्याचं आहे.

मासळीच्या गाडीत बर्फ गोड्या पाण्याचा असतो, पण मासळी समुद्राची. बर्फ वितळून हौद्यात जे पाणी उतरतं त्यात मीठ असतं, रक्त असतं, खवले असतात. रंगाला केसाएवढी चीर पुरते. मिठातलं क्लोराइड तिथून आत शिरतं आणि पत्र्याला खड्डे पाडत जातं. शिवाय मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, त्यामुळे गाडी उन्हात कडकडीत वाळली असं आपल्याला वाटतं तेव्हाही सांध्यांत काम चालूच असतं. वर रत्नागिरीचा पाऊस, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे. देशावर ज्या हौद्याला काही होत नाही, तोच हौदा आमच्याकडे चाळण होतो.

आता हा चाळण झालेला हौदा घेऊन दुकानात गेलात तर बहुतेक ठिकाणी एकच उपाय करतात. जुन्या पत्र्यावर नवा ३ मिमीचा चेकर पत्रा (उठावाच्या नक्षीचा) अंथरायचा, कडेने हातभर अंतरावर टाके (वेल्डचे ठिपके) मारायचे, काळा रंग फासायचा. संध्याकाळी गाडी तयार. दिसायला झकास. पण दोन पत्र्यांच्या मधे जी फट राहिली तिच्यात पाणी जातं आणि परत बाहेर येत नाही. ना ऊन पोचतं, ना ब्रश. वरचा पत्रा खणखणीत आणि खाली जुना पत्रा, त्याखालचे आडवे चॅनल यांचा भुगा. कळतं कधी, तर एक दिवस क्रेट ठेवल्यावर हौदा मधेच बसतो तेव्हा. आणि वजनाचं बघा. ३ मिमी चेकर पत्रा चौरस मीटरला पंचवीस किलोच्या आसपास भरतो. अडीच मीटर लांब, पावणेदोन मीटर रुंद हौद्याला शंभर किलोच्या वर लोखंड वाढलं. तेवढी मासळी प्रत्येक खेपेला कमी, नाहीतर तेवढा ओव्हरलोड.

दुकानदाराला मी दोष देत नाही. त्याला पत्रा बसवायचे पैसे मिळतात, पाणी कुठून कुठे जातं ते बघायचे कोण देतो? ते गाडी चालवणाऱ्यालाच माहीत. माझी गाडी भरलेली असते ती घाट चढताना. म्हणजे बर्फाचं सगळं पाणी मागे, फाळक्याच्या कडेला जमतं. येताना गाडी रिकामी आणि उतार, तेव्हा उरलंसुरलं पाणी पुढे केबिनच्या भिंतीशी येऊन बसतं. म्हणून माझा हौदा सडतो तो मागच्या कडेने आणि पुढच्या दोन कोपऱ्यांत. मधला भाग अजून कंपनीचा आहे. चिरे (जांभा दगड) वाहणाऱ्या पिकअपचं याच्या उलट. तिचा मधला भाग ठोके खाऊन आधी जातो. दोघांना एकच चेकर पत्रा हे औषध कसं चालेल?

तर मी काय करतो. सडलेला भाग पूर्ण कापून काढतो. गंज दिसतो तिथे कापून भागत नाही. टोच्याने ठोकत ठोकत पुढे जायचं. सडक्या पत्र्याचा आवाज बद्द येतो, चांगल्याचा खणखणीत. खणखणीत लागला की आणखी चार बोटं सोडून खूण करायची आणि तिथे ग्राइंडरचं चाक लावायचं. हे करताना भोक अपेक्षेपेक्षा दुप्पट मोठं होतं आणि पोटात गोळा येतो. येऊ द्यावा. सडक्या पत्र्याला वेल्ड धरत नाही, आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाची विजेची ज्योत, लागला की तो फक्त वितळून पळतो.

नवा तुकडा १४ गेजचा, म्हणजे २ मिमीचा. त्याचे कोपरे चौकोनी ठेवत नाही, रुपयाचं नाणं ठेवून गोल करतो, कारण हादऱ्याने चीर सुटते ती काटकोनातून. आधीच चीर गेलेली असेल तर तिच्या टोकाला बारीक भोक पाडून मग वेल्ड करायचं, म्हणजे ती पुढे धावत नाही. तुकडा जुन्या पत्र्यावर चढवत नाही, कडेला कड भिडवतो. परत फट नको. मग टाके. एक इकडे, एक समोरच्या बाजूला, पुन्हा इकडे. २.५ मिमीचा ६०१३ नंबरचा रॉड, ७० अँपिअरच्या आगेमागे. एका दमात लांब रेघ ओढली की पत्रा पापडासारखा वाकडा होतो, म्हणून दोन बोटं वेल्ड, मग थांबायचं, हात लावण्याइतका गार होऊ द्यायचा, दुसरीकडे दोन बोटं. सगळ्यात जास्त वेळ या थांबण्यात जातो, आणि ताशी मजुरीवर बसलेला माणूस एवढं थांबू शकत नाही हे मला कळतं.

मागच्या कडेला मी पन्हळ केली आहे. ४० मिमी सी चॅनल फाळक्याच्या आत आडवा, तोंड वर करून, डाव्या बाजूला किंचित उतार. टोकाला अर्ध्या इंचाचा पाईप, त्याला व्हॉल्व्ह, खाली कॅन. मासळीच्या गाडीचं पाणी घाटाच्या वळणावर सांडलं की मागून येणारे दुचाकीवाले घसरतात. त्यांच्या शिव्या रास्त असतात. माझं पाणी आता कॅनमध्ये जातं आणि बाजारात माल उतरला की गटारात. या पन्हळीमुळे मागची कड कोरडी राहायला लागली, तेवढा फायदा वीस पत्रे बदलून झाला नसता.

फाळक्याच्या बिजागऱ्यांचं एक सांगतो, कारण त्यावर फार विचारतात. तयार बिजागरी आणून लावली की काही महिन्यांत फाळका उघडताना दोन माणसं लागतात, कारण दोन्हींचे अक्ष एका रेषेत नसतात. मी सी क्लास (जाड भिंतीच्या) पाईपचे तुकडे कापतो, सगळे एकाच लांब सरळ सळईत ओवतो, आणि सळई आत असतानाच फाळक्याला आणि हौद्याला टाके मारतो. पक्कं वेल्ड झाल्यावर सळई ठोकून काढायची. ती सुखाने निघाली तर अक्ष बरोबर आहे. मग प्रत्येक पाईपला वरून एक भोक, त्यातून ग्रीस. बंदरातल्या एका तांडेलने (होडीच्या म्होरक्याने) तो फाळका एका हाताने खाली सोडून बघितला, परत वर केला, परत सोडला, आणि म्हणाला, "होडीच्या कामाला ये." गेलो असतो तर काय झालं असतं कोण जाणे, लाकडात आणि फायबरमध्ये मला शून्य कळतं.

वेळ कधी मिळतो, हा दुसरा प्रश्न. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बंदर शांत, गाडी उभी. पण नेमका तोच काळ या कामाला वाईट. ओल्या जमिनीवर, घामेजल्या हाताने रॉड धरला तर झटका बसतो आणि तो जिवावर बेतू शकतो. कोरड्या फळीवर उभं राहायचं, हातमोजे सुके हवेत, पाऊस शेडमध्ये शिंपडायला लागला की काम बंद. रॉड दमट झाले तर आर्क तडतडतो, वेल्डमध्ये भोकं पडतात. मी घट्ट झाकणाच्या डब्यात घालून चुलीशेजारी ठेवतो. घासून पांढरा केलेला पत्रा जुलैच्या हवेत एका रात्रीत तांबूस होतो, म्हणून घासला त्याच संध्याकाळी प्राइमर गेला पाहिजे. वरचा रंग मात्र मी पावसात देतच नाही, पापुद्रे सुटतात. तो दिवाळीत. तोवर गाडी रेड ऑक्साइडच्या तांबड्या प्राइमरमध्ये फिरते आणि लोक म्हणतात, एवढं केलंस तर रंग तरी द्यायचास.

जिथे ब्रश पोचत नाही त्या सांध्यात टॅनिनवालं गंजरोधक सोडतो. गंज काळा पडतो. हिरड्याच्या पाण्यात लोखंड घालून पूर्वी शाई करायचे, तिचा काळेपणाही टॅनिन आणि लोखंडाचाच. पण त्याने सडलेला पत्रा परत उगवत नाही. डबा घेताना एवढं लक्षात असू दे.

मशीन चालू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची. बीएस-सहा गाड्यांत, म्हणजे एप्रिल २०२० पासूनच्या, इसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) आणि सेन्सर जागोजागी आहेत. आल्टरनेटरचे डायोड तर जुन्या गाडीतही आहेतच. अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या शक्य तितका जवळ. तो चाकाकडे लावून हौद्यावर वेल्ड केलं तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंगच्या आत डाग पडतात. महिन्याभराने चाक गुणगुणायला लागतं आणि कुणालाच कारण सापडत नाही.

जीआय पाईप किंवा जस्ताचा पत्रा असेल तर जस्त घासून काढल्याशिवाय आर्क लावू नका. जस्त ९०७ अंशांवर उकळतं, लोखंड वितळतं ते १५०० च्या आसपास. म्हणजे लोखंड पाघळायच्या आधीच जस्ताचा पांढरा धूर नाकात गेलेला असतो. रात्री थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव. दूध प्यायल्याने तो टळतो हे खोटं आहे. डोळ्यांचं तसंच: काचेशिवाय आर्ककडे बघितलं की तेव्हा काही होत नाही, रात्री डोळ्यांत वाळू खुपायला लागते. बटाट्याच्या चकत्यांनी गार वाटतं इतकंच, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंच.

आणि मी काय करत नाही तेही विचारा, कारण ते कुणी विचारत नाही. चासीला मी आर्क लावत नाही. तिचं पोलाद वेगळं असतं, वरच्या-खालच्या पट्टीवर वेल्ड किंवा भोक म्हणजे चीर सुटायला जागा. कमानपाटे वेल्ड करत नाही. स्प्रिंगचं पोलाद वेल्डच्या शेजारी काचेसारखं ठिसूळ होतं आणि तिथेच तुटतं, तेही घाटात. पाटा तुटला की नवा पाटा. डिझेलची टाकी तर नाहीच, आणि रिकामी असेल तर अजिबातच नाही, कारण आतली वाफ आणि हवा मिळून तीच जास्त पेटते. स्टिअरिंग, ब्रेक यांच्या आसपास ग्राइंडरची ठिणगीसुद्धा उडू देत नाही, ओलं पोतं टाकतो.

पासिंगला अडत नाही का? आहे तसा हौदा आहे तसा दुरुस्त केला तर अडायचं कारण नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीवर जी गाडी लिहिली आहे तिच्यापेक्षा वेगळी करायची नाही. त्यामुळे हौदा लांब करणं, बाजू उंच करणं हे माझ्या शेडमध्ये होत नाही, कितीही गळ घातलीत तरी. पत्रा बदलल्यावर रिफ्लेक्टरची पट्टी नवी लावायला विसरू नका, मागे लाल, पुढे पांढरी, बाजूला पिवळी.

"आमची करून देशील का?" यावर नाही. दाखवीन मात्र जरूर. भंगारवाल्याकडून पत्र्याचे तुकडे आणा, त्यावर हात बसेपर्यंत टाके मारा, मग मडगार्डच्या ब्रॅकेटपासून सुरुवात करा. तो चुकून निसटला तरी आवाज होतो, माणूस मरत नाही. मन लागलं तर आयटीआयचा वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा आहे. जूनमध्ये बंदी लागली की मी घरीच असतो. येताना बूट घाला, आणि नायलॉनचा शर्ट घालून येऊ नका, ठिणगी पडली की तो अंगाला चिकटतो.