तुम्ही विचारलंत म्हणून: परत का नाही भरवलं?

बाजारात बामणोदची वांगी दिसायला लागली की तुमचे मेसेज सुरू होतात. ताई, यंदा कॉन भरवायचं का? कॉन म्हणजे सायन्स फिक्शनच्या चाहत्यांचं संमेलन, २०१८ ला मी जळगावात एकदाच भरवलं होतं ते. आणि मी दरवर्षी नवीन कारण देते. एकदा जळगावच्या उन्हाचं दिलं, तेही डिसेंबरात, आणि कोणी हूं की चूं केलं नाही. एकदा पैशाचं. एकदा सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं, ते खरं होतं. आता एकदाच लिहून टाकते, मग पुन्हा विचारू नका, आणि विचारलंत तर हेच परत पाठवीन.

पैशाचं कारण खोटं आहे. तोटा ६,४०० चा झाला, तो मी भिशीतून भरून काढला, पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या बाईला एवढं जमतं. गर्दीचंही कारण नाही. ३१ जण आले म्हणून तुम्हीच हसता, पण १९३९ ला न्यूयॉर्कला पहिलं वर्ल्डकॉन, म्हणजे सायन्स फिक्शनचं जागतिक संमेलन, भरलं तेव्हा तिथेही दोनशेच्या आसपासच माणसं होती, आणि ते न्यूयॉर्क, शहरात वर्ल्ड फेअर चालू असताना. त्याच्या दोन वर्षं आधी इंग्लंडात लीड्सला जमले ते तर मूठभर. जळगावात रविवारी सकाळी, लग्नाच्या सीझनमध्ये, ३१ माणसं सायन्स फिक्शनसाठी जिना चढून वर आली, मला तर अजून खरं वाटत नाही.

"कॉनमध्ये नेमकं करता काय?" हे विचारणारे तुम्ही नाही, ते माझे घरचे. त्यांना मी आखाजीचं, म्हणजे अक्षय तृतीयेचं, उदाहरण देते. आखाजीला माहेरी जमलेल्या बाया काय करतात? झोके घेतात, गाणी म्हणतात, एकमेकींना आहे तेच परत सांगतात. तसंच. वर्ल्डकॉनची तर मूळ पद्धत तिकिटाची नाही, मेंबरशिपची, सगळं हौसेवर चालतं, कोणाला पगार नाही, आणि ह्युगोला, म्हणजे तिथल्या सायन्स फिक्शनच्या पुरस्कारांना, मत पण हे मेंबरच देतात. पहिल्याच वर्षी दोघं जण भविष्यातले कपडे घालून आले होते, फॉरेस्ट ऍकरमन आणि मर्टल डग्लस. नाव सगळीकडे त्याचं निघतं, शिवले होते तिने. असो, हा माझा जुना राग आहे.

आता २०१८.

तुमच्यातले निम्मे होतात तिथे, त्यामुळे पुण्याच्या पोरीचा थर्माकोलचा रोबोट, खालच्या गल्लीतली पोरं "बहुरूपी आला, बहुरूपी आला" करत मागे लागली ते, प्रोजेक्टर दोनदा बंद पडला ते, हे सगळं सोडते. मी सकाळी दहाचं सांगतेय, तुम्ही यायच्या आधीचं.

मी जिन्याच्या वरच्या टोकाला टेबल टाकून बसले होते. यादी, पेन, बिल्ले. १५० रुपये नोंदणी, त्यात जेवण. पुण्याची सहा जणं रात्रभर महाराष्ट्र एक्स्प्रेसने येऊन नुकतीच पोचली होती, माझ्या मागेच उभी राहून चहा पीत होती, आणि मला त्यांच्यासमोर सगळं कसं नीट, शिस्तीत दिसायला हवं होतं. तेवढ्यात एक म्हातारा वर आला. पांढरी टोपी, धोतर, हातात कापडी पिशवी. वर येऊन दम खाल्ला आणि म्हणाला, "आठेच शे का ते, माय?" मी म्हटलं काका, नाव नोंदवलंय का? नोंदणी गूगल फॉर्मवर होती. त्याने पेपरातलं कात्रण काढून दाखवलं, आपली ती दोन ओळींची बातमी, ती मीच दिली होती, तिच्यात फॉर्मचा उल्लेखच नव्हता. मग शंभराची एक आणि पन्नासची एक अशा नोटा काढल्या. मग म्हणाला, "मी बी लिखस, माय," आणि पिशवीवर हात ठेवला.

आणि मी म्हटलं, "काका, हे जरा वेगळं आहे. इंग्लिश पिक्चरवाल्या पोरांचं. तुम्हाला कंटाळा येईल."

आठ कार्यक्रम होते. त्यातले पाच मराठीत.

तो "बरं, माय" म्हणाला, नोटांच्या घड्या घातल्या, आणि कठड्याला धरून एकेक पायरी खाली गेला. तुम्हाला आठवत असेल तो जिना किती उभा आहे. माझ्या मागून पुण्याच्या एकाने विचारलं, "कोण होते?" मी म्हटलं, "चुकून आले."

आता माझी बाजू ऐका. ताटं ४० सांगितली होती आणि तेव्हा नक्की किती येतील काही अंदाज नव्हता. खुर्च्या भाड्याच्या, तेवढ्याच मोजून. आणि मी इथल्या साहित्याच्या कार्यक्रमांत लहानपणापासून जातेय, वही घेऊन आलेला माणूस माईक हातात घेतला की सोडत नाही, तुम्ही पण बघितलंय, दोन तासांच्या कार्यक्रमाचं श्राद्ध होतं. हे सगळं खरं आहे. फक्त शेवटी आलं काय, तर ताटं नऊ उरली, खुर्च्याही उरल्या, आणि ह्यातलं एकही कारण मी त्याला सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं ते खोटं होतं.

आणि आणखी एक. माझी आजी अमळनेरची. घरात तिच्याशी आम्ही अहिराणीतच बोलायचो. "या ना बाबा, बसा" एवढं त्याच्या भाषेत म्हणायला मला काय लागत होतं? मी एकदम बातम्या वाचणाऱ्या बाईसारखं बोलले. कारण मागे पुणं उभं होतं.

साडेअकराला माझं भाषण होतं, ते तुम्ही ऐकलंत, टाळ्याही वाजवल्यात. विषय आठवतोय? फॅन्डमचं, म्हणजे चाहत्यांच्या जगाचं, दार. १९३९ च्या त्याच पहिल्या वर्ल्डकॉनला सहा जणांना दारात अडवलं होतं, वोलहाइम, पोल, कॉर्नब्लूथ, लाउंडेस, मिशेल, गिलेस्पी. डाव्या विचारांची पोरं, आत येऊन पत्रकं वाटतील, गोंधळ घालतील ही आयोजकांना भीती. लेखक असिमोव्ह त्यांच्याच गटातला, पण तो आत जाऊन बसला. बाहेर काढलेल्यांतला पोल पुढे संपादक झाला, ह्युगो घेतले. मी हे सगळं हातवारे करत सांगितलं. मग नारळीकरांचं सांगितलं, १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी नारायण विनायक जगताप ह्या नावाने गोष्ट पाठवली, नावाची आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे परीक्षकांनी माणूस न बघता गोष्ट बघावी, आणि पहिला नंबर आला. "गोष्ट बघा, टोपी बघू नका," असं मी म्हटलं. खरंच म्हटलं, हाच शब्द, रेकॉर्डिंग आहे.

इथे लिहायला छान वाटेल की बोलता बोलता मला दारातला म्हातारा आठवला आणि आवाज अडखळला. तसं काही झालं नाही. मी मस्त बोलले आणि खाली जाऊन भरीत खाल्लं.

कळलं ते संध्याकाळी. मावसभाऊ फक्त भरीत करायला आला होता, त्याला मंगळाशी काही घेणंदेणं नाही, सकाळपासून मागच्या अंगणात पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजत बसला होता. भांडी घासताना म्हणाला, तो तुमचा म्हातारा भारी होता. कोणता म्हातारा? तर म्हणे टोपीवाला, अमळनेरकडचा, बस यायला वेळ होता म्हणून जाळाजवळ बसला आणि एक गोष्ट वाचून दाखवली. वहीतून. गावात एक विहीर असते, तिच्यात हाक मारली की ओ लगेच येत नाही, आठ दिवसांनी येते. मग हळूहळू चार दिवसांनी, मग दुसऱ्या दिवशी. लोकांना सवय होते, लोक हाक मारून शेतात निघून जातात. आणि मग एका सकाळी विहिरीतून ओ येते आणि हाक अजून कोणी मारलेलीच नसते.

मी म्हटलं, मग?

मग म्हणे, वांगी उलटायची होती. परत येऊन बघतो तर तो बससाठी निघून गेला होता.

त्या दिवशी वर हॉलमध्ये आपण जे जे वाचलं त्यातलं एक तरी ह्याच्या जवळपास होतं का? माझं तर नव्हतंच.

तेव्हाची मी म्हणते, अगं, एका माणसासाठी एवढं? पुढच्या वर्षी भरव, दार उघडं ठेव, नोंदणी फुकट कर, अहिराणी कथांचं सत्र ठेव. बरोबर आहे तिचं. पण तिचं सगळंच बरोबर असतं, भाषणसुद्धा बरोबरच होतं. टेबलावर परत मीच बसणार ना. २०२३ ला चीनमध्ये चेंगदूच्या वर्ल्डकॉनला काही जणांना ह्युगोच्या यादीतून धड कारण न सांगता अपात्र ठरवलं, तेव्हा तुम्ही सगळे केवढे चिडला होतात, मी पण दोन पानं लिहिली आणि मग पुसून टाकली. कोणत्या तोंडाने पाठवू? तुम्ही म्हणाल हे जरा जास्तच होतंय, ते मोठं प्रकरण आणि हा एक जिना. असेल. मला अजून ठरवता आलेलं नाही.

फेब्रुवारी २०२४ ला अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन भरलं तेव्हा मी दोन दिवस रजा टाकून गेले, तुम्हाला वाटलं पुस्तकांसाठी. मी टोप्या बघत फिरत होते. त्याच दिवसांत विद्रोही संमेलन पण तिथेच होतं, तिथेही गेले. वही घेऊन आलेली म्हातारी माणसं इतकी होती की काय सांगू, दोघा-तिघांच्या समोर जाऊन उभी पण राहिले. एकाने मला चार कविता ऐकवल्या, पाऊण तास, मी हललेसुद्धा नाही. तो नव्हता. आणि असता तरी चेहरा मला कुठे नीट आठवतोय, नोटा आठवतात, घड्या घातलेल्या.

मावसभावाला दर दिवाळीत विचारते, आतून ओ देणारी बाई होती की बाप्या, काय शब्द होते, काहीतरी आठव. तो वैतागतो. ह्या वर्षी म्हणाला, विहीर नव्हती गं, आड होता. आणि तो अमळनेरचा कुठे, पारोळ्याचा होता.