दोन लाख आणि लाखेचा एक शिक्का

कुणाच्या घरात फवारणीची विषबाधा होऊन माणूस गेला असेल तर बाकी काही वाचू नका, एवढंच वाचा. पीएम (शवविच्छेदन) झाल्यावर लॅबला पाठवायच्या अवयवांच्या बाटल्यांबद्दल तिसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन विचारा, "बाटल्या गेल्या का?" आम्ही विचारलं नाही. आम्ही रिपोर्टची वाट बघत बसलो आणि बाटल्या बसल्या होत्या पोलीस ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत.

आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णाकाठचं. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ, वांग्यावर क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक मारत होता. पाठीवरच्या पंपाचं झाकण गळत होतं, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि तसाच दुपारभर राहिला कारण दोन सऱ्या उरल्या होत्या. संध्याकाळी दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मोठ्या दवाखान्यात पोचायच्या आत ॲम्ब्युलन्समध्येच गेला. एडी (अकस्मात मृत्यू) नोंद, पंचनामा, पीएम सगळं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झालं, त्याबद्दल कुणाला नावं ठेवणार नाही. फक्त पीएमच्या कागदावर मृत्यूच्या कारणापुढे लिहिलेलं, "व्हिसेरा राखून ठेवला, रासायनिक विश्लेषण अहवालानंतर अंतिम मत." व्हिसेरा म्हणजे विष तपासायला काढून ठेवलेले पोटातले अवयव. या एका ओळीनं आमचे पाच महिने खाल्ले.

कारण गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यूला २ लाख मिळतात पण आत्महत्या त्यात बसत नाही, आणि विषबाधा म्हणलं की कृषी कार्यालय व्हिसेरा रिपोर्ट मागतंच. तोवर गावाला विषय मिळाला. औषध मारताना गेला का औषध पिऊन गेला? पारावर बसून लोकांनी निकालसुद्धा दिला. वहिनींच्या कानावर ते जायचंच.

मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट, बारा वर्षं पोल-ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेची मापं, काढतोय, त्यामुळं घरच्यांनी हे काम माझ्या गळ्यात घातलं. आणि खरं सांगू, मला वाटलेलं विश्लेषणच अवघड असणार. बीएस्सीला मार्श टेस्ट शिकलो होतो, १८३६ ची, आर्सेनिक असलं की काचेवर चकचकीत काळा थर येतो ती. आता तर जीसी-एमएस मशीन आहे. बाटलीतला अवयव बारीक करायचा, सॉल्व्हंटमध्ये विष ओढून घ्यायचं, चरबी वगैरे काढून साफ करायचं, आधी टीएलसी प्लेटवर, म्हणजे पदार्थ वेगळे करणाऱ्या पातळ थराच्या पट्टीवर, डाग बघायचा, मग मशीनवर चढवायचं. मशीन रेणूचे तुकडे करून त्यांची वजनं दाखवतं, आणि तो नकाशा क्लोरपायरीफॉसच्या स्टँडर्डशी जुळला की झालं. नंबर लागायला वेळ जाणार हे मान्य, पण एकदा टेबलावर घेतल्यावर हे काही महिन्यांचं काम नाही.

एक महिना झाला, ठाण्यात विचारलं, "पेंडिंग आहे." दोन महिने, "लॅबकडं लय लोड आहे ओ." अडीच महिन्यांनी मी रजा टाकून स्वतः लॅबच्या गावाला गेलो. खिडकीवरच्या माणसानं रजिस्टर उघडलं, एडी नंबरवर बोट फिरवलं आणि शांतपणे म्हणाला, "हे आम्ही घेतलंच नाही. परत दिलंय."

कधी? पीएमनंतर नवव्या दिवशी!

का, तर नमुना मोहोर नाही. म्हणजे असं, प्रत्येक बाटलीवर लाखेचं सील असतं आणि त्याच शिक्क्याचा ठसा सोबतच्या पत्रावर वेगळा द्यायचा असतो. लॅबवाले दोन्ही जुळवून बघतात, मधे कुणी बाटली उघडली नाही ना म्हणून. आमच्या पत्रावर ठशाची जागा रिकामी होती. नियम चुकीचा नाही हो, मी लॅबमधलाच माणूस, सील न जुळणारं सॅम्पल मीपण घेणार नाही. पण परत आणलेल्या बाटल्या कपाटात ठेवून अडीच महिने "पेंडिंग" सांगायचं हे कुठल्या नियमात बसतं?

ठाण्यात गेलो तर, "दवाखान्याची चूक, आम्ही काय करणार." दवाखान्यात गेलो तर पीएम करणारे डॉक्टर बदलून गेलेले. क्लार्क म्हणे नवीन डॉक्टर दुसऱ्याच्या सीलवर सही करणार नाहीत. मग जुन्या डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले पितळी शिक्का तिथंच कपाटात आहे, मी येऊन ठसा देतो पण पोलिसांचं पत्र पाहिजे. ते पत्र मिळवायला एकोणीस दिवस. एक दिवस साहेब बंदोबस्ताला, एक दिवस टायपिंगवाला सुट्टीवर. शेवटी डॉक्टर स्वतःच्या गाडीनं आले, मेणबत्तीवर लाख वितळवली, कागदावर टपकवून शिक्का दाबला. मी घड्याळ बघितलं, चार मिनिटं. त्या चार मिनिटांसाठी तीन महिने.

हो, शर्ट. हे आधी सांगायला पाहिजे होतं. अंगावरचे कपडे धुऊ नका, पोलिसांना द्या, त्यावरचं औषधसुद्धा तपासता येतं. वहिनींनी त्या रात्री दवाखान्यातून आलेला शर्ट सवयीनं बादलीत भिजवला. त्यांना अजून वाटतं त्यांच्यामुळं उशीर झाला. नाही झाला.

बाटल्यांचं पण बघून घ्या. जठर आणि आतड्याची एक, लिव्हर-किडनीची दुसरी, रक्ताची वेगळी. अवयव मिठाच्या संपृक्त पाण्यात ठेवतात, फॉर्मलीनमध्ये नाही, फॉर्मलीननं विष काढणं अवघड होतं. आणि नुसत्या मिठाच्या पाण्याची एक बाटली सोबत जाते. क्लार्कनं विचारलं ही रिकामी कशाला, म्हणलं साहेब हा ब्लँक आहे, पाण्यातच काही नव्हतं हे दाखवायला. कारखान्यात रोज लावतो आम्ही.

दुसऱ्यांदा बाटल्या गेल्यावर दीड महिन्यात रिपोर्ट आला. दुसऱ्या आणि तिसऱ्या बाटलीत क्लोरपायरीफॉस आढळले, पहिलीत आढळले नाही. म्हणजे रक्तात होतं, लिव्हर-किडनीत होतं, जठरात नव्हतं. लॅब त्यापुढं एक शब्द लिहीत नाही, कसं गेलं ते सांगणं त्यांचं काम नाही. डॉक्टरांनी पंचनाम्यातला गळका पंप आणि रिपोर्ट समोर ठेवून अंतिम मत दिलं, फवारणीवेळी त्वचेतून विषबाधा. मी त्याची झेरॉक्स काढून पारावर नेली. कुणी वाचायला मागितली नाही.

अर्ज मात्र रिपोर्टसाठी थांबवू नका. ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. आमच्या कृषी सहायकानं सातबारा, सहा-क (वारसांची नोंद), वयाचा दाखला लावून आधीच अर्ज घेतला आणि रिपोर्ट नंतर जोडला, नाहीतर आम्ही तिथंच बाद झालो असतो. आणि ठाण्यातून बाटल्या लॅबला गेल्या की जावक क्रमांक आणि लॅबची पोच लिहून घ्या, नुसतं "पाठवलं" यावर विश्वास ठेवू नका.

गेल्या आठवड्यात तहसीलदारांच्या समितीत प्रकरण मंजूर झालं. काल कळलं वहिनींच्या खात्याला आधार लिंक नाही. उद्या बँकेत, पुन्हा रजा.