सरणाचं लाकूड मार्गशीर्षात फोडा

पर्यावरणपूरक अंत्यसंस्कार म्हटलं की अमेरिकेतलं मानवी कंपोस्ट, दक्षिण आफ्रिकेतलं जलदहन, बुरशीचा पोशाख अशी नावं पुढे येतात. त्यांच्याकडे पुढे येतोच. पण गोव्यात बसून विचार करायचा तर आधी तीन गोष्टी धरून चालावं लागतं. चार महिन्यांत साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, पायाखाली सच्छिद्र जांभा दगड आणि घराघराला विहीर. कुठली पद्धत इथे चालेल आणि कुठली नाही, हे या तीन गोष्टी ठरवतात.

उघड्या सरणाला ४०० ते ५०० किलो लाकूड लागतं. पावसाळ्यात त्याहून जास्त लागतं आणि तरीही काम पुरतं होत नाही. साधारण ७० किलोच्या देहात ४५ किलोच्या आसपास पाणी असतं. ते तापवून वाफ करायला लागणारी उष्णता हिशेबात धरली तर साडेआठ किलो चांगलं वाळलेलं लाकूड पुरतं. पाणी गेल्यावर देहातली चरबी स्वतःच जळते आणि उष्णता देते. मग बाकीचं ४०० किलो कुठे जातं? बहुतेक उष्णता चारी बाजूंनी हवेत जाते, थोडी खालच्या जमिनीत मुरते आणि लाकूड ओलं असेल तर मोठा वाटा लाकडातलंच पाणी उडवण्यात खर्च होतो. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्मं पाणी असतं. असं एक किलो लाकूड सुमारे ८ मेगाज्यूल उष्णता देतं. तेच २० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवलेलं लाकूड १४ मेगाज्यूल देतं. झाड तेच, जात तीच, फरक फक्त वाळवण्याचा.

म्हणून गोव्यातला सगळ्यात मोठा, स्वस्त आणि आजच करता येण्याजोगा पर्यावरणपूरक बदल म्हणजे कोरडं लाकूड आणि उंच लोखंडी जाळी, असं माझं ठाम मत आहे. यंत्रं त्यानंतर येतात.

लाकडाचा हिशेब पावसाळ्याच्या बाजूने मांडावा. गावात महिन्याला तीन अंत्यसंस्कार होत असतील तर चार महिन्यांत बारा. जाळीवर प्रत्येकी २०० किलो धरले तर २४०० किलो, आणि तिसरा हिस्सा राखीव म्हणजे एकूण ३२०० किलो. रचून ठेवलेल्या लाकडाच्या एका घनमीटरात साधारण ४०० किलो बसतं, म्हणजे ८ घनमीटर जागा लागेल. चार मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशा दोन थप्प्या. त्यांच्यामध्ये हातभर अंतर, खाली जांभ्याच्या चिऱ्यांवर आडव्या वाशांची बैठक, वर पत्रा किंवा कौलं. बाजू मात्र उघड्या. कुणीतरी काळजीपोटी चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळतं, आत वाफ कोंडते आणि जूनअखेर लाकडावर बुरशी दिसते.

झाड तोडायला १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वनखात्याची परवानगी लागते. तेव्हा अर्ज दिवाळीच्या सुमाराला करायचा आणि लाकूड मार्गशीर्ष-पौषात फोडायचं. ओंडके तसेच ठेवले तर मे महिन्यापर्यंतही आतून वाळत नाहीत, कारण साल पाणी धरून ठेवते. चार ते सहा इंच जाडीची फाळकी करून रचली की पाचेक महिन्यांत काम होतं. वाळलंय की नाही हे पाहायला यंत्राची गरज नाही. थप्पीतल्या एका फाळक्यावर खूण करून त्याचं वजन दर आठवड्याला करा. वजन कमी होणं थांबलं की लाकूड हवेपुरतं वाळलं. आषाढात हवाच इतकी दमट असते की छपराखालचं लाकूडही २० टक्क्यांच्या खाली जात नाही. तेवढं चालतं.

कुठलं लाकूड? आंबा आणि फणस सरणासाठी तोडू नयेत, असं मला मनापासून वाटतं. पठारांवर आणि खाणींच्या डंपांवर लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ आहे, ती जड असते आणि नीट जळते. वय झालेली, फळ न देणारी काजूची झाडं आहेत. शिवाय दर पावसाळ्यात रस्त्यावर पडणारी झाडं अग्निशमन दलाचे जवान कापून बाजूला टाकतात. तो माल पंचायतीने उचलून पुढच्या वर्षासाठी रचला तर एकही उभं झाड तोडावं लागणार नाही.

पेट घेण्यासाठी नारळाच्या करवंट्या उत्तम. वीस किलो करवंट्या, थोडी राळ, कापूर आणि तूप एवढ्यात कोरडं सरण धरतं. केरळात करवंट्या आणि सोडणं, म्हणजे नारळाची बाहेरची काथ्याची सालं, दहनाला सर्रास वापरतात. आपल्याकडे सोडणांबाबत जपून राहावं, कारण ती स्पंजासारखा ओलावा धरतात आणि नुसता धूर करतात. शेणापासून केलेल्या गोकाष्ठाचंही तसंच. त्याची उष्णता लाकडाहून कमी, राख भरपूर, आणि ती राख जाळीच्या फटी बुजवते. एकूण इंधनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घालू नये. पिकांच्या अवशेषांचे दाबून केलेले ठोकळे विदर्भात मोक्षकाष्ठ म्हणून वापरतात. चांगला माल आहे, पण गोव्यातल्या पावसात एकदा भिजला की त्याचा भुसा होतो.

आता जाळी. दिल्लीच्या मोक्षदा संस्थेने १९९० च्या दशकापासून देशात नेलेली रचना हीच आहे. जमिनीपासून उचललेली लोखंडी जाळी, बाजूला लाकूड सावरणारे खांब, वर छत्रीसारखं आच्छादन आणि धुराडं. १५० ते २०० किलो लाकडात दोन-तीन तासांत दहन पूर्ण होतं. उघड्यावर पाच-सहा तास लागतात. यात जादू काही नाही. खालून हवा मिळते, धुराडं ती वर ओढतं आणि आच्छादन उष्णता परत खाली फेकतं.

गावाने स्वतः करायची झाली तर जाळी जमिनीपासून दीड फूट उंच ठेवा, म्हणजे खाली राखेचा ट्रे सरकवता येतो. सळया ओतीव लोखंडाच्या घ्या. साधं पोलाद खारी हवा, क्षारयुक्त राख आणि पाऊस या तिन्हींच्या तावडीत लवकर खंगतं. धुराड्याला पातळ जस्ती पत्रा किनारपट्टीच्या गावात टिकत नाही, विटांचं बांधकाम किंवा स्टेनलेस स्टील परवडतं. आणि तापलेल्या जाळीवर, विटांवर पाणी ओतू नका. अस्थी लवकर गोळा करायच्या घाईत हे नेहमी होतं. विटा तडकतात, ओतीव सळयाही तडकतात. ट्रे बाहेर ओढून घ्यावा, दूध-पाणी तिथे शिंपडावं.

सरण रचताना खालचा थर जाड फाळक्यांचा आणि दोन फाळक्यांमध्ये दोन बोटं फट. त्यावर आडवा दुसरा थर. लाकूड सगळीकडे सारखं पसरायचं नाही. छाती आणि कंबर इथे मांस आणि पाणी जास्त, तिथेच दहन रेंगाळतं, म्हणून जाड लाकूड तिथे. पायाकडे कमी पुरतं. देहावर एक हलका थर, त्याहून जास्त नको. वर ढीग घातला की हवा कोंडते, काळा धूर येतो, आणि लोकांना वाटतं लाकूड कमी पडलं, म्हणून आणखी घालतात. पावसात पेट घेत नाही म्हणून डिझेल ओततात, जुने टायर टाकतात. डिझेल वरवर भडकून विझतं, आतलं लाकूड ओलंच राहतं. टायरच्या धुराबद्दल बोलायलाच नको, तो शेवटी शेजारच्या वाड्यावरच्या मुलांच्या छातीत जातो.

या जाळीची मला वाटणारी खरी किंमत अशी की एकही विधी सोडावा लागत नाही. मोठा मुलगा किंवा मुलगी अग्नी देते, मडकं फुटतं, कपालक्रिया होते, अस्थिसंचयन होतं. गॅस आणि विजेच्या दाहिन्यांना लोक कचरतात ते बहुतेक याच कारणाने, आणि त्यांच्या भावनेला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

त्या दाहिन्यांची जागा शहरांत आहे. विजेच्या दाहिनीच्या आतल्या विटा आधी तापवाव्या लागतात. दिवसाला पाच-सहा देह येत असतील तर ती तापलेलीच राहते आणि खर्च वाटला जातो. महिन्याला तीन येणाऱ्या गावात दर वेळी थंड भट्टी पेटवायची म्हणजे जाळलेली वीज विटांतच जाते, आणि गार-गरम होऊन त्या तडकतातही. गॅसदाहिनी लवकर तापते, तिच्यात दहन तास-दीड तासात होतं, पण पंख्याला वीज हवीच. श्रावणातल्या वादळात वीज जाते, तेव्हा जनित्र नसेल तर दहन अर्धवट थांबतं. जनित्राशिवाय दाहिनी मंजूर करू नये.

कुठल्याही दहनाआधी पेसमेकर काढून घ्या. त्यातल्या बॅटरीचा उष्णतेने स्फोट होतो, बंद दाहिनीत तर विटा आणि दार दोन्ही फुटतात. डॉक्टरांना सांगितलं की लहानशी चीर देऊन ते काढून देतात. नायलॉनची साडी, जरीची शाल, हारांवरचं प्लास्टिक, अत्तराच्या बाटल्या हे सगळं दहनाआधी उतरवा. सुती वस्त्र पुरतं.

दफनाचा विचारही तितकाच महत्त्वाचा, कारण गोव्यात तो मोठ्या समाजाचा विधी आहे. मुस्लिम दफनात कफनात गुंडाळलेला देह पेटीशिवाय मातीत जातो, म्हणजे जगभर ज्याला हरित दफन म्हणतात ते इथे पूर्वीपासून आहे. चर्चच्या दफनभूमीत जागा कमी, म्हणून काही वर्षांनी अस्थी काढून कोनाड्यात ठेवतात आणि कबर पुन्हा वापरतात. जमीन वाचवणारी ही फार शहाणी रीत आहे. तिला अडथळा होतो पेटीचा. प्लायवूड, पॉलिश, आतलं सॅटिन आणि प्लास्टिकचं अस्तर यांनी हवा अडते, त्यात पावसाचं पाणी साचलं की चरबीचा मेणासारखा थर होतो आणि कबर उघडायच्या वेळी देह विघटित झालेलाच नसतो. साध्या, पॉलिश न केलेल्या फळ्या, लाकडी खुंट्या आणि सुती अस्तर वापरलं तर हा प्रश्न येत नाही. खोली साडेतीन फूट ठेवावी. सहा फुटांवर हवा पोचत नाही. चुना टाकल्याने देह लवकर विरघळतो हा समज उलटा आहे, चुना कुजण्याची क्रिया मंदावतो. समाधी देताना पोत्यांनी घातलेलं मीठही तेच करतं, आणि वर शेजारच्या विहिरीत उतरतं.

विहिरींचा मुद्दा जपून घ्या. ब्रिटनमध्ये पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून कबर २५० मीटर, ओढ्यापासून ३० मीटर दूर आणि तळाखाली किमान एक मीटर कोरडी माती असा दंडक आहे. आपल्या वस्तीत २५० मीटरांत किती विहिरी येतात ते मोजून पाहा. जांभ्याच्या नळीदार छिद्रांतून पाणी झरझर खाली जातं, म्हणून खाजण (खाडीलगतची सखल जमीन) आणि नदीकाठापेक्षा उतारावरची, जाड मातीची जागाच घ्यावी.

परदेशी पद्धतींबद्दल थोडक्यात. जलदहनात ९५ टक्के पाणी आणि ५ टक्के अल्कली यांत देह १५० अंशांवर चार ते सहा तासांत विरघळतो, हाडं उरतात. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टूटू यांचा अंत्यसंस्कार २०२२ च्या सुरुवातीला असाच झाला. धूर नाही, लाकूड नाही. पण उरलेलं पाणी तीव्र क्षारयुक्त आणि सेंद्रिय भाराने दाट असतं, ते सांडपाण्याच्या वाहिनीतून प्रक्रिया केंद्रात जावं लागतं. गोव्यात ती वाहिनी मोजक्या शहरांतच आहे. सेप्टिक टँकमध्ये सोडलं तर टँकमधले जिवाणूच मरतील. मानवी कंपोस्टला वॉशिंग्टन राज्याने २०१९ मध्ये परवानगी दिली. लाकडाचा चुरा, पेंढा आणि अल्फाल्फा गवतात देह पाच ते सात आठवडे ठेवतात आणि त्याची माती होते, मधे किमान ७२ तास ५५ अंशांवर तापमान. मला ही पद्धत मनापासून आवडते, पण क्षयासारख्या काही आजारांत तिथे ती चालत नाही, आणि इथे करून देणारं कुणी नाही. गोठवून चूर्ण करण्याची स्वीडनची कल्पना मानवी देहावर कधी प्रत्यक्षात आलीच नाही. बुरशीची बीजं घातलेला पोशाख देह लवकर विघटित करतो हे दावे सिद्ध नाहीत, साध्या मातीत ते काम तसंही होतं.

देहदान बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात करता येतं. नेत्रदान सहा तासांच्या आत. शवविच्छेदन झालं असेल किंवा संसर्गजन्य आजार असेल तर देह सहसा नाकारला जातो, म्हणून घरच्यांनी दुसरी तयारीही ठेवावी.

शेवटी राख. हाडांची राख दोन-तीन किलोच असते, बाकी सारी लाकडाची. अस्थींचा थोडा भाग हरवळ्याच्या धबधब्यापाशी किंवा मांडवी नदीत द्यायचा तर द्या, प्लास्टिकची पिशवी आणि मडक्यावरचं कापड परत आणा. लाकडाची राख माडाला चालते, पोटॅश देते. हाडांची राख मात्र अतिशय अल्कधर्मी आणि खारट असते, रोपाच्या मुळाशी नुसती ओतली तर रोप मरतं. झाड लावायचं असेल तर एक ओंजळ राख, दोन घमेली कंपोस्ट आणि दोन घमेली लाल माती मिसळून खड्डा चैत्रात भरून ठेवा. पहिले दोन-तीन पाऊस त्यावरून जाऊ द्या, क्षार धुऊन जातील. रोप आर्द्रा नक्षत्रात लावा.