टीसी मागायला आलेली मुलगी

टीसीचा, म्हणजे कॉलेज सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज टेबलावर आला की मी आधी कारणाचा रकाना वाचते. त्या दिवशीच्या अर्जात 'घरगुती अडचण' एवढंच होतं. मुलगी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या केरीची, बीएच्या दुसऱ्या वर्षाची. तिसऱ्या सत्राचे विषय नोंदवायची ती शेवटची तारीख, त्यामुळे खिडकीबाहेर रांग लागलेली. टीसीवर सही करून देणं पाच मिनिटांचं काम होतं. पण पहिल्या वर्षी बहुतेक विषयांत तिचे गुण चांगले होते, म्हणून मी तिला आत बोलावून खुर्चीवर बसवलं.

तिचे वडील पाडेली, माडावर चढून नारळ पाडणारे. पावसाच्या तोंडावर माडावरून पडले, कंबरेला मार बसला. पिसुर्लेच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगचं काम मिळत होतं आणि कंत्राटदाराने 'मूळ कागद' आणायला सांगितले होते. त्यात टीसीही हवी असं तिने गृहीत धरलं होतं. शिवाय ती म्हणाली, "मॅडम, नाव तर कमी झालंच असेल. सरांच्या हजेरीत माझं नावच नाही."

मी वडिलांना फोन लावला. त्यांचं म्हणणं नेमकं उलटं. "बाई, फी भरलीय आम्ही. नाव राहणारच. वर्षभराने येईल परत."

एकाच घरात दोन समजुती, आणि दोन्ही चुकीच्या. फी भरली म्हणजे वर्षाचा प्रवेश पक्का झाला. विद्यापीठाचा पीआर नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, पहिल्या वर्षी मिळाला तो कायमचा. पण सत्राचे विषय नोंदवणं ही तिसरी, वेगळी पायरी. ती झाल्याशिवाय कुठल्याच प्राध्यापकांच्या यादीत नाव चढत नाही. तिचं नाव कुणीही कापलं नव्हतं. ते चढलंच नव्हतं. तास मात्र सुरू झाले होते, आणि 75 टक्के हजेरीचा हिशेब नोंदणी उशिरा केली म्हणून कुणासाठी थांबत नाही.

आता वर्षभर थांबण्याचं. गोव्यात 2023-24 पासून नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आला आणि 'मध्येच सोडा, परत या' हे वाक्य घरोघरी पोचलं. त्यामागच्या अटी पोचल्या नाहीत. पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायचं तर 40 क्रेडिट, म्हणजे विषय पास झाल्यावर जमा होणारे श्रेयांक, पूर्ण हवेत, वर सुट्टीत केलेला 4 क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स हवा. मग तीन वर्षांच्या आत परतता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करावी लागते. मी तिचा निकाल उघडला. क्रेडिट होते 37. सुट्टीतला कोर्स केलेला नाही. म्हणजे त्या दिवशी ती गेली असती तर मिळवलेले क्रेडिट ते साठवणाऱ्या ऑनलाइन अकॅडेमिक बँकेत पडून राहिले असते, हातात मात्र बारावीचंच मार्कलिस्ट.

राहिलेल्या तीन क्रेडिटचं मला जास्त वाईट वाटलं. दुसऱ्या शाखेतला एक विषय घ्यावा लागतो, तो तिला वेगळाच हवा होता. पण जागा ऑनलाइन भरतात, आधी येईल त्याला. केरीत त्या रात्री रेंज नव्हती. सकाळी फॉर्म उघडला तेव्हा उरला होता तो विषय तिने घेतला आणि त्यातच नापास झाली. बारावीत शिकलेला विषय पुन्हा घेऊ नये, नवं काहीतरी शिकावं, हा त्यामागचा नियम मला पटतो. जागा वाटायची ही रीत अजिबात पटत नाही. ज्याच्या घरी रेंज आहे त्याला हवा तो विषय, आणि डोंगराकडच्या पोराला उरलेला, याला निवड म्हणता येणार नाही. प्राचार्यांच्या बैठकीत मी हे मांडलं आहे आणि पुढेही मांडत राहणार आहे.

सगळं मी कागदावर लिहून तिला दाखवलं आणि फोनवर वडिलांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग विचारलं, "बाई, कामाला लागायला टीसी लागते काय?" म्हटलं, बारावीच्या मार्कलिस्टची प्रत पुरते. टीसी नेली की ती आमची विद्यार्थिनी राहत नाही. बसचा पास, शिष्यवृत्ती, सगळं त्या एका कागदाबरोबर जातं. "मग नको," ते म्हणाले. "तिची आई जाईल कामाला. पोरीचं नाव चढवा."

दुपारी माझ्याच संगणकावर आम्ही तिचे विषय नोंदवले. या वेळी तिने यादी शेवटपर्यंत वाचली, दोनदा मागे गेली, शंका विचारल्या. नापास विषयाची परीक्षा पुन्हा द्यायचा फॉर्म वेगळा असतो, तो आपोआप भरला जात नाही, हेही सांगितलं. कितीतरी मुलं तिथेच अडकतात. अर्जावर तिने स्वतःच्या हाताने 'मागे घेत आहे' असं लिहून सही केली.

तिसरं सत्र ती पास झाली आणि अडकलेला पेपरही सुटला. चौथं सत्र निघालं की तिचे 80 क्रेडिट होतील. सुट्टीतल्या कोर्सची चौकशी तिने आधीच करून ठेवली आहे. दुसऱ्या वर्षानंतर मिळणारा डिप्लोमा घेऊन थांबायचं की तिसऱ्या वर्षाला जायचं, हे घरात अजून ठरलेलं नाही. पण पुढच्या नोंदणीची तारीख कधी लागते, हे विचारायला परवा तिच्या वडिलांनीच मला फोन केला.