फ्लॅग पडला की यार्ड कुठून मोजायचे?

अमेरिकन फुटबॉलमधलं 'फर्स्ट अँड टेन' कळायला वेळ लागत नाही. चार डाऊनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, १० यार्ड काढायचे; पहिला आकडा डाऊनचा, दुसरा उरलेल्या यार्डांचा. निघाले तर पुन्हा चार डाऊन. गोंधळ उडतो तो फाउलची खूण म्हणून पंचांचा पिवळा फ्लॅग पडल्यावर. मग बरेच जण कुठल्या फाउलला किती यार्ड हे पाठ करायला बसतात. पण तो सोपा भाग आहे. खरी मेख ते यार्ड कुठून मोजायचे यात असते.

आधी हे पक्कं करा: पेनल्टीने चेंडू सरकतो, साखळी नाही. मैदानाच्या कडेला दोन काठ्यांमध्ये ताणलेली ती १० यार्डांची साखळी नवा फर्स्ट डाऊन मिळेपर्यंत जागची हलत नाही. त्यामुळे फर्स्ट अँड टेनवर फॉल्स स्टार्ट झाला (ऑफेन्स, म्हणजे चेंडू असलेला संघ, वेळेआधीच हलला) की ५ यार्ड मागे, आणि फर्स्ट अँड फिफ्टीन. डिफेन्स, म्हणजे समोरचा संघ, ऑफसाइड (चेंडू सुटताना रेषेपलीकडे) असेल तर फर्स्ट अँड फाइव्ह. (टीव्हीवरची पिवळी रेघ फक्त आपल्यासाठी, पंच तिच्यावर निकाल देत नाहीत.)

आता ऑफेन्सचं होल्डिंग (प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवणं) घ्या, १० यार्डांचं. सेकंड अँड सिक्स, चेंडू स्वतःच्या ४० वर (आपल्या गोलरेषेपासून ४० यार्डांवर), म्हणजे गाठायची ४६ ची रेघ. रनर १२ यार्ड पळाला, पण वाटेत ४८ वर त्याच्याच साथीदाराने होल्डिंग केलं. मोजणी तिथून होते: ४८ वरून ३८. डाऊन पुन्हा दुसराच, सेकंड अँड एट. तेच होल्डिंग स्क्रिमेज लाइनच्या (डाऊन जिथून सुरू झाला त्या रेघेच्या) मागे झालं असतं, तर एनएफएलमध्ये (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) ४० पासून मोजून चेंडू ३० वर आणि सेकंड अँड सिक्स्टीन. फाउल एकच, फरक ८ यार्डांचा.

डिफेन्सच्या बाबतीत 'फक्त पाच यार्ड' ऐकून फसू नका. थर्ड अँड फिफ्टीनवर ऑफसाइड झाला तर थर्ड अँड टेन. डिफेन्सिव्ह होल्डिंगही एनएफएलमध्ये ५ यार्डांचंच, पण सोबत थेट फर्स्ट डाऊन. डिफेन्सच्या पास इंटरफिअरन्सला (पास झेलणाऱ्याला नियमबाह्य अडवणं) तर एनएफएलमध्ये फाउल झाला तिथेच चेंडू ठेवतात, मग तो ४० यार्ड पुढे का असेना. कॉलेज फुटबॉलमध्ये जास्तीत जास्त १५.

ज्यांच्याविरुद्ध फाउल झाला, त्यांना पेनल्टी नाकारताही येते. थर्ड अँड एट, पास खाली पडला आणि ऑफेन्सचं होल्डिंग. घेतली तर थर्ड अँड एटीन, नाकारली तर फोर्थ अँड एट. ऑफेन्स स्वतःच्या अर्ध्यात असेल तर डोळे झाकून नाकारावी. पुढे पंटच येणार, म्हणजे ते लाथेने चेंडू दूर मारून देणार. पण चेंडू डिफेन्सच्या ३५ वर असेल तर नाकारल्यावर समोरचे साधारण ५३ यार्डांची फील्ड गोल (लाथेने चेंडू गोलखांबांमधून) मारतील. तिथे पेनल्टी घेऊन त्यांना ४५ वर ढकलणं मला शहाणपणाचं वाटतं, एक जादा डाऊन द्यावा लागला तरी.

गोलरेषेजवळ उरलेल्या अंतराच्या अर्ध्याहून जास्त मागे नेत नाहीत: स्वतःच्या ८ वरून होल्डिंगचे १० यार्ड मोजायचे, तर चेंडू ४ वर. मात्र ऑफेन्सने स्वतःच्या एंड झोनमध्येच (गोलरेषेमागच्या भागात) होल्डिंग केलं तर सेफ्टी. समोरच्यांना २ गुण, वर चेंडूही किक करून त्यांनाच द्यायचा.